टावर समोर दिसता, मग रेंज खय गेली?

वाचक विचारतात

गेल्या अंकात मी गावच्या घरी मोबाइलच्या सिमवर इंटरनेट कसं घ्यावं, म्हणजे सिम टाकायचा राउटर, बाहेर अँटेना आणि मधे वायर, यावर दोन पानं लिहिली होती. त्यावर पत्रांचा ढीग आला. त्यातली काही इथे घेतो. दूरध्वनी खात्यात ३१ वर्षं खांब चढलो, आता कुडाळात बसून लोकांची छपरं चढतो. उत्तरांत कौलांची धूळ असेल तर झटकून घ्या.

प्रश्न : आमचं घर देवरुखजवळ पऱ्याच्या काठी आहे, तिन्ही बाजूंनी डोंगर. चिऱ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं. मुलगा पुण्याच्या कंपनीत आहे. गणपतीला आला की म्हणतो, "आई, इथे नेट असतं तर महिनाभर राहिलो असतो." घरात फोनला रेंजची एक काडी, कधी तीही नाही. पण वरच्या बांधावर फणसाखाली उभं राहिलं की व्हिडिओ कॉलसुद्धा होतो. फणस घरापासून सत्तरेक पावलांवर. छपरावर अँटेना किती उंच लावावी? – एक निवृत्त शिक्षिका, देवरुख

उत्तर : बाई, छपरावर लावूच नका. तुमचं सर्वेक्षण फणसाने करून ठेवलंय, त्यावर विश्वास ठेवा.

अँटेना रेंज तयार करत नाही, जिथे ती उभी आहे तिथे पोचलेली रेंज गोळा करते. पऱ्याच्या तळाशी डोंगराने रेंज अडवली असेल तर छपरावर आठ फूट नळी उभारून तुम्ही गोळा काय करणार? डोंगर आठ फुटांचा नाही. उलट वरच्या बांधावरून कुठल्यातरी खिंडीतून टॉवर 'दिसतो' आहे. आपल्या डोळ्यांना नसेल दिसत, फोनला दिसतोय.

म्हणून राउटरच बांधाकडे न्या. पावसापाण्यात बाहेर राहणारे सिमचे राउटर मिळतात, पांढऱ्या चपट्या डब्यासारखे. अँटेना त्यांच्या पोटातच असते, सिम खालच्या रबरी झाकणाआड जातं. त्या डब्यापासून घरापर्यंत एकच वायर येते, लॅनची. तीच वायर इंटरनेट घरात आणते आणि तीच घरातून वर वीज नेते. लॅनची वायर १०० मीटरपर्यंत कुरकुर न करता चालते. तुमची सत्तर पावलं म्हणजे ५० मीटरच्या आत. हेच अंतर अँटेनाच्या वायरने कापायचं म्हटलं असतं तर वर गोळा केलेलं सगळं वायरनेच गिळलं असतं. (पुढच्या पत्रात त्याचा हिशोब आहे.) घरात या वायरच्या टोकाला साधा वायफाय राउटर लावा, झालं.

राउटर फणसावर मात्र बांधू नका. झाड वाऱ्याने हलतं, आणि पावसाळ्यात भिजलेली पानं रेंज चांगलीच खातात. शिवाय वैशाखात फणस काढायला कोण कुठल्या फांदीवर पाय देईल, सांगता येत नाही. बांधाच्या मोकळ्या कडेला दीड इंची जीआय पाइप काँक्रीटमध्ये उभा करा, माणसाच्या डोक्याहून दोन हात वर पुरे. वायर बाहेरची, काळी, कॅट-६ घ्या आणि दुकानदाराला ठणकावून सांगा की निव्वळ तांब्याची हवी. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त वायर इतक्या अंतरावर वीज नीट पोचवत नाही. राउटर दिवसा चालतो आणि संध्याकाळी व्होल्टेज पडलं की आचके देतो. वायर उघडी टाकू नका. शेतीच्या पाण्याचा काळा पाइप असतो ना, त्यातून ओवून वीतभर खोल पुरा. रानडुकरं उकरतात आणि उंदरांना वायरचं प्लास्टिक का आवडतं हे मला अजून कळलेलं नाही. वीज वर पाठवणारा अडॅप्टर राउटरच्या खोक्यातलाच वापरा. २४ व्होल्टच्या राउटरला ४८ व्होल्टचा लावून धूर काढलेले दोन जण माझ्या ओळखीत आहेत.

हे सगळं करायच्या आधी, एक रुपयाही खर्च न करता, मोजून घ्या. फोनवरच्या काड्या विसरा, प्रत्येक कंपनीचा फोन त्या आपल्या मनाने काढतो. अँड्रॉइड फोनमध्ये नेटमॉन्स्टर किंवा तसलं एखादं ॲप टाका, आयफोन असेल तर *३००१#१२३४५#* डायल करा. त्यात आरएसआरपी नावाचा वजा चिन्हाचा आकडा दिसेल, तो रेंजची ताकद सांगतो. वजा ८० म्हणजे झकास, वजा ९५ ला काम भागतं, वजा ११० ला व्हिडिओ अडखळतो आणि वजा १२० म्हणजे राम म्हणा. दर १० ला ताकद दहापट बदलते, हे ध्यानात ठेवा. घरात वजा ११५ आणि फणसाखाली वजा ९५ असेल तर ते शंभरपट आहे, 'थोडं बरं' नव्हे. दुसरा आकडा एसआयएनआर. तो गोंगाटाच्या तुलनेत टॉवरचा आवाज किती ते सांगतो. आठवड्याच्या बाजारात समोरचा कितीही ओरडला तरी ऐकू येत नाही, तसं. २० च्या वर उत्तम, १० ला चालेल, शून्याखाली गेला तर टॉवर कितीही जवळ असो, उपयोग नाही. मुलाचं आणि तुमचं, दोन वेगळ्या कंपन्यांची सिमं असतील तर दोन्हींनी मोजा. सकाळी एकदा, रात्री नऊला एकदा. आकडे वहीत लिहा. तुम्ही शिक्षिका आहात, तक्ता मी सांगायला नको.

दोन गोष्टी मुलालाही सांगा. त्याच्या फोनच्या प्लॅनमध्ये 'अमर्याद ५जी' असेल तर ते ५जी रेंजमध्येच अमर्याद असतं. ४जी राउटरमध्ये तेच सिम घातलं की रोजचे दोन जीबी मोजले जातात, आणि व्हिडिओ मीटिंग तासाला साधारण एक जीबी घेते. तेव्हा जास्त डेटाचा प्लॅन बघायला हवा. आणि फोनच्या सेटिंगमध्ये वायफाय कॉलिंग चालू करा. मग घरात रेंजची काडी नसली तरी साधा फोन वायफायवरून लागतो. मुलाच्या नोकरीपेक्षा तुम्हाला रात्रीअपरात्री डॉक्टरला फोन लावता येणं मला जास्त मोलाचं वाटतं.

प्रश्न : ऑनलाइन '३५ डीबीआय'ची अँटेना आणि सोबत २० मीटर वायर मागवली. गच्चीवर लावली, टॉवरकडे तोंड केलं, वायर खाली राउटरला जोडली. स्पीड आधीपेक्षा कमी झाला! अँटेना खराब निघाली का? – एक दुकानदार, आजरा

उत्तर : अँटेना खराब नाही, खोक्यावरचा आकडा खोटा आहे आणि वायर उपाशी आहे.

आधी ३५ चा समाचार घेऊ. डीबीआय म्हणजे अँटेना एका दिशेची रेंज किती जास्त गोळा करते त्याचं डेसिबलमधलं माप. १८०० मेगाहर्ट्झवर, म्हणजे आपल्याकडच्या ४जीच्या एका मुख्य पट्ट्यावर, खरोखर ३५ डीबीआय मिळवायचे तर जवळजवळ ४ मीटर व्यासाची छत्री लागेल. तुमची दोन हात लांबीची काठी ते कुठून आणणार? चांगली बनवली असेल तर १० ते १२ देईल. १२ धरू.

आता वायर. तिच्या अंगावर बारीक अक्षरांत काय छापलंय ते वाचा. बहुधा आरजी-५८ असेल. ही वायर १८०० मेगाहर्ट्झला मीटरमागे पाऊण डेसिबल खाते. २० मीटरला झाले १५. अँटेनाने १२ कमावले, वायरने १५ खाल्ले, वर जोडाजोडीत आणखी अर्धा-एक गेला. घरचेच तीन-चार घालून बसलात. राउटरच्या पाठीवरच्या त्याच्या स्वतःच्या दोन दांड्या काढून तुम्ही ही वायर जोडलीत, म्हणून स्पीड आधीपेक्षाही खाली.

एलएमआर-२०० नावाची वायर दिसायला अगदी तशीच, तीही ५ मिलिमीटर जाडीची, पण मीटरमागे अर्ध्या डेसिबलच्या आसपास घेते. एलएमआर-४०० बोटाएवढी जाड असते, ती मीटरमागे सुमारे ०.२ घेते, पण वळवताना अजगराशी झुंज आहे. माझा सल्ला साधा आहे : वायर लांब करू नका, राउटर वर न्या. गच्चीच्या जिन्यात डोक्यावरच्या फळीवर राउटर ठेवा, अँटेनापासून पाच मीटरच्या आत, आणि तिथून खाली लॅनची वायर आणा. एलएमआर-२०० च्या पाच मीटरला अडीच डेसिबल गेले तरी साडेनऊ हातात राहतात.

आणखी दोन ठिकाणी बघा. पहिलं, पिन. ४जी राउटरला एसएमए लागते. वायफायच्या अँटेनाला आरपी-एसएमए असते. दोन्हींचे आटे एकमेकांत बसतात, घट्ट होतात, आणि आत मधली सुई कशालाच टेकलेली नसते. तुमच्या वायरच्या टोकात डोकावा. मधे सुई हवी, आणि राउटरच्या तोंडात तिच्यासाठी भोक. दोन्हीकडे भोकं असतील तर हवेशी संसार चाललाय.

दुसरं, अँटेना एकच का? ४जी दोन वाटांनी एकाच वेळी माहिती आणतं, म्हणून राउटरला दोन पिना असतात. एका पिनेला लांबचा टॉवर आणि दुसरीला काहीच नाही, असं केलं तर अर्धा रस्ता बंद. दोन अँटेना एकाच पाइपवर लावा, एक ४५ अंश डावीकडे कललेली आणि दुसरी ४५ अंश उजवीकडे, फुलीसारख्या. किंवा दोन वायरी बाहेर येणारी एक चपटी पॅनेल अँटेना घ्या, तिच्या आत ही फुली आधीच असते.

प्रश्न : घराच्या खळ्यातून टॉवर सरळ दिसतो, दीड किलोमीटरसुद्धा नाही. अँटेना बरोब्बर त्याच्याकडे धरली आहे. तरी काही नाही. – माणगाव खोरं, ता. कुडाळ

उत्तर : तुमच्याच खोऱ्यात गेल्या मार्गशीर्षात एका घरी मी शिडीवर होतो आणि खाली घरधनी हाच प्रश्न विचारत होता, "टावर समोर दिसता, मग रेंज खय गेली?" शीर्षक त्याच्याकडूनच उसनं घेतलंय.

पहिला संशय असा की तो टॉवर तुमच्या सिमच्या कंपनीचा आहे का. एका लोखंडावर दोन-तीन कंपन्या असतात, कधी एकच असते. दूरसंचार खात्याचं 'तरंग संचार' नावाचं संकेतस्थळ आहे, २०१७ मध्ये सुरू झालेलं. खरं तर ते टॉवरच्या किरणोत्सर्गाची भीती घालवायला काढलं, पण नकाशावर आपल्या आसपासचे टॉवर बघायला फार छान आहे.

दुसरा संशय, टॉवर तुमच्याकडे पाठ करून उभा आहे का. वर ज्या उभ्या लांबट पेट्या दिसतात, त्या बहुधा तीन दिशांना तोंड करून असतात. गावाकडे, बाजाराकडे आणि महामार्गाकडे तोंड, अन् तुमच्या वाडीकडे दोन पेट्यांमधली फट. त्या घरी हेच झालं होतं. समोरच्या टॉवरवर वजा १०४ आणि एसआयएनआर २. मी अँटेना एका वेळी हाताच्या पंजाएवढी फिरवत गेलो. प्रत्येक वेळी मिनिटभर थांबायचं, कारण राउटर आकडा सावकाश बदलतो. खाली त्यांची सातवीतली मुलगी राउटरचं पान फोनवर उघडून आकडे ओरडत होती. "एकशे सहा! एकशे नऊ! एकशे तेरा!" घरधनी म्हणाला, उतरा, चहा झालाय. मी आणखी दोन पंजे फिरवली. "अठ्ठ्याण्णव!" मग पुढे "ब्याण्णव, आणि दुसरा आकडा चौदा!" अँटेनाचं तोंड होतं एका उघड्याबोडक्या कातळकड्याकडे. पलीकडच्या कुठल्यातरी टॉवरची रेंज त्या कड्यावर आपटून खळ्यात उतरत होती. त्या टॉवरचं दर्शन कुणालाच झालेलं नाही, पण नेट अजून चालू आहे.

तेव्हा डोळ्यांवर जाऊ नका, पूर्ण वर्तुळ फिरवा आणि दोन्ही आकडे बघा.

आणि टॉवर दिसतो म्हणजे वाट मोकळी असं नसतं. लाट दोरीसारखी सरळ बारीक जात नाही, मधे फुगते. १८०० मेगाहर्ट्झला, ३ किलोमीटरच्या वाटेत, मधोमध तिला चहूबाजूंनी ११ मीटर मोकळं हवं असतं. तुमच्या दीड किलोमीटरला आठेक मीटर. मधल्या माडांचे शेंडे या फुगवट्यात घुसले की टॉवर डोळ्यांना दिसतो आणि रेंज लंगडते.

प्रश्न : भिंतीवर लावायचा बूस्टर ऑनलाइन मिळतो. अँटेना-राउटरची भानगड नको, फोनलाच फुल रेंज. घ्यावा का? – फोंडा, गोवा

उत्तर : नका. दूरसंचार खात्याच्या परवानगीशिवाय बूस्टर बसवणं बेकायदा आहे, विकणंही. आणि कायदा सोडा, तो चांगल्या रेंजबरोबर गोंगाटही मोठा करून टॉवरच्या कानात ओरडतो. सगळ्या वाड्याचे फोन तुटतात आणि कुणाला कळत नाही का. राउटरला जोडलेली साधी अँटेना स्वतः काहीच मोठं करून फेकत नाही, तो निव्वळ धातू आहे.

प्रश्न : माळ्यावर जुन्या डब्ल्यूएलएल (बिनतारी घरगुती) फोनची अँटेना पडून आहे, माशाच्या काट्यासारखी. वडिलांनी टाकू दिली नाही. ती आता वापरता येईल का? – वेंगुर्ला

उत्तर : वा! हे पत्र वाचून मी थोडा वेळ काही लिहिलंच नाही.

तरुण वाचकांसाठी सांगतो. नव्वदच्या दशकात, जिथे तारा पोचत नव्हत्या तिथे पंचायतीच्या घरावर खांब, अँटेना, सौर पॅनेल आणि बॅटऱ्या असं बिऱ्हाड आम्ही उभं करायचो आणि गावाला एक फोन मिळायचा. एमएआरआर म्हणायचे त्याला. तो बोलायचा कमी आणि रुसायचा जास्त. मग २००० नंतर डब्ल्यूएलएल आलं, घरात टेबलावर फोन आणि छपरावर हा माशाचा काटा. डोंगरातल्या कित्येक घरांत पहिली घंटा त्या काट्यामुळे वाजली.

आता गंमत बघा. तो डब्ल्यूएलएल फोन ज्या लहरींवर चालायचा, ८२४ ते ८९४ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, तोच पट्टा आज ४जीचा बँड ५ आहे. जिओचं ८५० त्यावरच चालतं. म्हणजे तुमच्या वडिलांनी सांभाळलेला काटा अजूनही योग्य मापाचा आहे! ८५० ची लाट ३५ सेंटिमीटरची असते. काट्याची एखादी मधली आडवी सळी मोजा, साधारण निम्मी, वीतभरापेक्षा थोडी कमी भरेल.

चालेल, पण अटी आहेत. वायर फेकून द्या. वीस वर्षांत समुद्राच्या वाऱ्याने आतली जाळी हिरवी पडली असेल. पिन जाडी असेल, तिला एसएमएचा जोड घ्यावा लागेल. सळ्या पाइपला जिथे बसल्यात तिथे पॉलिश पेपर मारा. ही एकच अँटेना असल्याने दोनपैकी एक वाट मिळेल, दुसऱ्या पिनेवर राउटरची स्वतःची दांडी राहू द्या. आणि राउटरमध्ये बँड ५ ठरवून लावता आला पाहिजे. १८०० किंवा २३०० वर हा काटा कामाचा नाही. स्पीडची फार आशा धरू नका. ८५० लांब जातं, भिंती-झाडांतून घुसतं, पण त्याचा रस्ता अरुंद. २३०० चा रस्ता रुंद, पण तो पहिल्या टेकडीलाच दमतो. बातम्या, फोन, पैसे पाठवणं एवढं काट्यावर नक्की होईल.

बीएसएनएलचं नवं ४जी घ्यायचा विचार असेल तर नवी अँटेना घेताना खोक्यावर बघा. बीएसएनएल ७०० आणि २१०० मेगाहर्ट्झ वापरतं. बाजारातल्या पुष्कळ अँटेना ८०० पासून पुढे लिहिलेल्या असतात. ७०० चा टॉवर आणि ८०० ची अँटेना ही जोडी जुळत नाही.

प्रश्न : बहिणीच्या मुलाने न्यू जर्सीहून भारी राउटर आणलाय. सिम घातलं तर 'नो सर्व्हिस'. – सातारा

उत्तर : भाच्याचं प्रेम खरं, राउटर तिकडचा. अमेरिकेतल्या कंपन्यांनी दिलेले राउटर बरेचदा त्यांच्याच सिमला कुलूपबंद असतात. कुलूप नसलं तरी आपल्याकडचे मुख्य बँड ३ आणि ४०, म्हणजे १८०० आणि २३००, त्यात असतीलच असं नाही. तिकडे बँड २, ४, १२, ६६ असला सगळा वेगळा संसार आहे. राउटरचा मॉडेल क्रमांक टाकून बँडची यादी काढा. ३, ४० आणि जमल्यास ५ व ८ यादीत नसतील तर तो घरातला वायफाय राउटर म्हणून वापरा. त्यासाठी तो खरंच भारी असेल.

प्रश्न : आरएसआरपी वजा ८२, सगळ्या काड्या भरलेल्या. सकाळी छान चालतं, रात्री आठनंतर गोगलगाय. मोठी अँटेना लावू का? – गगनबावडा

उत्तर : वजा ८२ ला अँटेना लावणं म्हणजे भरल्या ताटावर वाढणं. तुमची रेंज कमी नाही, टॉवरवर पंगत मोठी बसते. त्यातून डोंगरातल्या बऱ्याच टॉवरना खाली फायबर नसतं. वर ढोलासारख्या गोल छत्र्या दिसतात ना, त्यांतून तो दुसऱ्या टॉवरकडून इंटरनेट घेतो. ती नळीच बारीक असेल तर तुम्ही घरात काहीही करा.

करून बघण्यासारखं दोनच. रात्री नऊला, सकाळी नव्हे, दुसऱ्या कंपनीचं सिम घालून बघा. आणि राउटरमध्ये बँड निवडायची सोय असेल तर प्रत्येक बँड लावून रात्रीच स्पीड मोजा. सगळे फोन एका बँडवर गर्दी करून असतात आणि शेजारचा रिकामा असतो, असं होतं कधीकधी. तुमच्या गावात कंपनीचं ५जी एअरफायबर, म्हणजे कंपनीनेच छपरावर डबा लावून दिलेलं घरचं इंटरनेट, मिळत असेल तर ते आधी विचारा. जिओने ते २०२३ च्या गणेश चतुर्थीला ८ शहरांत सुरू केलं तेव्हा आमच्याकडे लोक हसले होते, आता तालुक्याच्या गावी छपरांवर ते डबे दिसतात. ते मिळत असताना माझ्यासारख्याला शिडीवर चढवू नका.

प्रश्न : आंबोलीला घर आहे. पाऊस, विजा आणि वानरं, तिन्ही भरपूर. अँटेना टिकेल का? – सावंतवाडी

उत्तर : पावसाचं सोपं आहे. प्रत्येक बाहेरच्या जोडावर आधी ताणून चिकटणारी रबर टेप, तिच्यावर साधी काळी टेप, खालून वर गुंडाळत, म्हणजे कौलांसारखे थर पडतात आणि पाणी आत शिरत नाही. वायर भिंतीत शिरण्याआधी खाली एक पोट सोडा, पाणी तिथून ठिबकून जातं. हे केलं नाही तर पाणी वायरच्या जाळीतून वाट काढत थेट राउटरच्या पिनेत येतं. मी एक पिन उघडली तेव्हा आतून चमचाभर पाणी आणि एक मुंगी बाहेर आली.

वानरांपुढे मी हात टेकलेत. पाइप कोन्यावर उभा करू नका, तिथे ती बसतातच. भिंतीच्या बाजूला क्लॅम्पने लावा, उंची लागेल तेवढीच ठेवा. आणि लांब काट्याऐवजी चपटं पॅनेल घ्या, त्याला लोंबकळता येत नाही.

विजेचं मात्र गंभीर आहे, आणि इथे माझीच फजिती सांगतो. परतीच्या पावसाचे दिवस, संध्याकाळी आभाळ काळं झालं. मी मोठ्या शहाणपणाने अँटेनाच्या दोन्ही वायरी राउटरच्या काढल्या, बायकोलाही ऐटीत दाखवलं की असं करायचं असतं. अडॅप्टर मात्र बोर्डातच राहिला. वीज वाडीतल्या विजेच्या खांबावर पडली, मीटरमधून आत आली, अडॅप्टर, राउटर, आणि राउटरला लॅनने जोडलेला टीव्ही, असा क्रमाने फराळ करत गेली. बायको फक्त एवढंच म्हणाली, "वायरी तर काढल्या होत्या ना?"

तर काढायचं ते सगळं काढा, अँटेना, लॅन आणि वीज, आणि ढग गडगडायच्या आधी काढा, चमकायला लागल्यावर वायरीला हात लावू नका. अँटेना घराचा सर्वांत उंच बिंदू असू नये. पाइपला जाड तांब्याची वायर लावून ती घराच्या अर्थिंगलाच जोडा, वेगळा खड्डा करून तसाच सोडू नका. अँटेनाच्या वायरीत घरात शिरण्यापूर्वी लायटनिंग अरेस्टर बसवा. थेट पडलेल्या विजेला तो अडवत नाही, आसपास पडलेल्या विजेचा झटका मात्र बराच जमिनीत नेतो. देवरुखच्या बाई, हे तुमच्या बांधावरच्या पाइपालाही लागू आहे, आणि तुमच्या पन्नास मीटर लॅनच्या वायरीला घराच्या टोकाशी लॅनचा सर्ज प्रोटेक्टर हवाच.

प्रश्न : आंब्याच्या बागेत सिमच्या राउटरवर कॅमेरे लावले. बागेत फोनवर दिसतात, मुंबईहून दिसत नाहीत. अँटेना वाढवू? – देवगड

उत्तर : अँटेनाचा संबंध नाही. मोबाइल कंपनी शेकडो सिमना मिळून बाहेरचा एकच पत्ता देते, त्यामुळे मुंबईहून हाक मारली तर ती तुमच्या बागेपर्यंत पोचत नाही. राउटरमध्ये 'पोर्ट फॉरवर्डिंग' करून तीन दिवस घालवले असतील तर सोडून द्या. कॅमेऱ्याच्या कंपनीचं ॲप उघडा, त्यात क्लाउड किंवा पी२पी चालू करा आणि कॅमेऱ्यावरचा क्यूआर कोड स्कॅन करा. तेव्हा कॅमेराच आतून बाहेर हाक मारतो आणि वाट उघडी राहते. चित्राचा दर्जा एक पायरी खाली ठेवा, नाहीतर हापूस पिकायच्या आधी डेटा संपेल.